आधी उन्हाचा नकाशा, मग नगराचा आराखडा

उन्हाळ्याचे दिवस आले की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक आकडा ठळक अक्षरांत झळकू लागतो. काल शहराचे कमाल तापमान 42 अंश होते, आज 43 झाले. तो आकडा वाचून आपण क्षणभर हळहळतो, पंख्याचा वेग वाढवितो आणि पान उलटतो. पण हा आकडा नेमका कोठला आणि कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या मैदानात, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेला असतो. हवेचे खरे तापमान मोजावयाचे तर तो तसाच ठेवला पाहिजे, यात शंका नाही. परंतु त्या पेटीत कोणी राहत नाही. पत्र्याच्या छपराखाली शिवणयंत्र चालविणारी बाई, तापलेल्या डांबरावरून हातगाडी ओढणारा मजूर, सर्वांत वरच्या मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ, यांपैकी कोणाच्याही वाट्याचे ऊन त्या एका आकड्यात मावत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. नगररचना करणाऱ्यांनी रस्ते, पूल आणि बागा आखण्यापूर्वी आपल्या शहराच्या उन्हाचा नकाशा तयार केला पाहिजे. त्या नकाशात ऊन कोठे अधिक तापते एवढेच नव्हे, तर ते कोणाला अधिक बाधते, हेही दाखविले पाहिजे. आणि जे भाग त्यात सर्वांत अधिक होरपळलेले दिसतील, तेथे सावली आणि पाणी सर्वांच्या आधी पोहोचले पाहिजे. या तीन गोष्टींपैकी तिसरी सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन व्यर्थ आहेत.

2024 च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला, हे बडोद्याच्या वाचकांस सांगावयास नको. पूर ओसरला तरी घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते. ती पाहून कोणता भाग सखल, कोणाचे घर धोक्यात, हे लहान मूलही सांगू शकते. उन्हाळा अशी रेघ मागे ठेवीत नाही. पुरात भिंत पडते, ती दिसते. उन्हात माणूस पडतो, आणि दाखल्यावर हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असे कारण लिहिले जाते. म्हणून ही आपत्ती डोळ्यांस दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कमही पडत नाही.

ही आपत्ती केवढी असू शकते, याचा दाखला आमच्यापासून शंभरएक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादने दिला आहे. 2010 च्या मे महिन्यात तेथे तापमान 46.8 अंशांपर्यंत चढले. त्या वेळी शहरात हाहाकार उडाला असे कोणास फारसे वाटले नाही. पुढे संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदी काढून आदल्या व पुढल्या वर्षांच्या त्याच दिवसांशी ताडून पाहिल्या, तेव्हा असे आढळले की त्या एका महिन्यात 4,462 माणसे मृत्यू पावली होती. नेहमीच्या मानाने ही संख्या 1,344 ने अधिक होती. म्हणजे एरवी जेथे शंभर माणसे गेली असती, तेथे एकशे त्रेचाळीस गेली. एवढी माणसे एखाद्या अपघातात दगावली असती तर देशभर हलकल्लोळ झाला असता. ही माणसे मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या खाटांवर, एकेकटी गेली. ती कोणत्या गल्ल्यांत गेली, हे दाखविणारा नकाशा तेव्हा कोणाच्याही भिंतीवर टांगलेला नव्हता.

ऊन सर्वांवर सारखेच पडते, मग ते सर्वांना सारखे का बाधत नाही? याचे एक कारण आपल्या शरीरात आहे. माणसाच्या शरीराचे आतले तापमान सुमारे 37 अंश असते, आणि ते तेवढेच राखण्यासाठी शरीराची अखंड धडपड चालू असते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर काही उष्णता हवेत निघून जाते. हवा त्वचेहून तापली की घाम वाळविणे एवढा एकच मार्ग उरतो, आणि हवा दमट असेल तर तोही मंदावतो. घाम येण्यासाठी पोटात पाणी हवे, रक्त त्वचेपर्यंत पोहोचविण्यासाठी हृदय धड हवे. तान्ही मुले, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, जुन्या दुखण्याचे रोगी यांची ही शक्ती मुळातच तोकडी असते. धडधाकट मजूरही सुरक्षित नाही. कारण कष्टाने शरीर आतून तापते आणि ऊन त्याला बाहेरून तापविते. शिवाय ज्याची रोजी रोजच्या कामावर अवलंबून आहे, त्याला ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा उपदेश करणे सोपे आहे. तो पाळणे त्याच्या हाती नाही.

दुसरे कारण जागेत आहे. शहर हे भोवतालच्या शेतापेक्षा उष्ण असते, हे आज कळलेले सत्य नव्हे. लंडनच्या हवेची वर्षानुवर्षे टिपणे ठेवणारे ल्यूक हॉवर्ड यांनी 1818 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, रात्रीच्या वेळी शहर बाहेरच्या मुलखापेक्षा सुमारे 2 अंशांनी अधिक उष्ण असते. विटा, दगड, सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात व रात्रभर ते ओकतात. झाडे असती तर त्यांच्या पानांतून उडणाऱ्या वाफेने हवा निवली असती. तळे असते तर त्याच्या काठी थोडा गारवा लाभला असता. झाडे तोडली, तळे बुजविले आणि घरांस घरे भिडली की वाराही अडतो. तेव्हा शहरातले ऊन हे केवळ आकाशातून उतरलेले नसते. त्याचा काही वाटा आपणच बांधलेला असतो. जे आपण बांधले ते आपण बदलूही शकतो, हाच नगररचनेचा आधार आहे.

यांतील रात्रीची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा झुंज देते. परंतु खोली एक, खिडकी एक, वर सिमेंटचा पत्रा आणि आत सहा माणसे, अशा ठिकाणी रात्रही विसावा देत नाही. दुपारचे कमाल तापमान तेवढे छापून आपण ज्या भागाला साधारण समजतो, तोच भाग रात्रीच्या हिशेबात सर्वांत धोक्याचा ठरू शकतो.

नकाशाने माणसे वाचतात याची साक्ष वैद्यकाच्या इतिहासात आहे. 1854 साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली, आणि बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झाले असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. 8 सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी एकेक आडवी रेघ घालून त्या वस्तीचा नकाशाच प्रसिद्ध केला. कोष्टकात जे आकडे निर्जीव दिसत होते ते नकाशावर येताच बोलू लागले. रोग हवेत सर्वत्र पसरलेला नसून तो एका ठिकाणाहून येत आहे, हे त्या रेघांनी दाखविले.

उन्हाला असा एकच पंप नसतो, हे खरे. म्हणून उन्हाचा नकाशा हा एका थराचा असून भागत नाही. 1995 च्या जुलैमध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची मोठी लाट आली आणि त्यात नेहमीपेक्षा 739 माणसे अधिक मेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तेथील दोन शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्ही गरीब, दोन्हींत एकाकी वृद्ध बरेच, दोहोंवरचे ऊनही सारखेच. तरीही नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण लाखामागे 40 होते, तर साउथ लॉनडेलमध्ये अवघे 4. हा फरक कशाने पडला? पहिल्या वस्तीतील दुकाने बंद पडली होती, घरे ओस होती, रस्त्यावर भय होते. त्यामुळे म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आतच बसली. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, कोपऱ्यावर दुकाने होती, जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस होती. म्हणजे शेजार हीदेखील एक प्रकारची सावलीच आहे, आणि तिचीही नकाशात नोंद हवी.

मग असा नकाशा तयार कसा करावयाचा? याला आज दुर्मिळ विद्या लागत नाही. पहिला थर उन्हाचा. लँडसॅट मालिकेतील उपग्रह जमिनीतून निघणारे उष्ण किरण टिपतात. त्यांवरून शहराच्या कोणत्या भागाचा पृष्ठभाग किती तापला आहे हे कळते, आणि ही माहिती कोणासही विनामूल्य मिळते. दुसरा थर वस्तीचा. किती लोक दाटीने राहतात, त्यांत लहान मुले व वृद्ध किती, एकटे राहणारे किती, उन्हात काम करणारे किती. तिसरा थर साधनांचा. छप्पर कशाचे, घरात नळ आहे की नाही, वीज किती वेळ टिकते, दवाखाना किती अंतरावर, झाडांची सावली किती. हे तीन थर एकावर एक ठेवले की जेथे तिन्ही गडद होतात, ती जागा सर्वांत धोक्याची.

तथापि या कामात फसगतही पुष्कळ आहे, आणि ती सांगितली पाहिजे. उपग्रह पाहतो तो जमिनीचा आणि छपरांचा ताप. माणूस ज्या हवेत श्वास घेतो तिचे तापमान त्याहून निराळे असते. वर सांगितलेले उपग्रह आपल्या शहरावरून दिवसा, दुपार होण्यापूर्वी जातात. रात्री खोलीत कोंडलेली उष्णता त्या चित्रात येत नाही. चकचकीत पत्रा उष्ण किरण कमी सोडतो, म्हणून तो आकाशातून पाहता आहे त्यापेक्षा थंड भासतो. आणि त्याच पत्र्याखाली बसलेल्या माणसाचा जीव कासावीस होत असतो. जनगणनेतून छपरांची व नळांची माहिती मिळते, पण 2011 च्या जनगणनेचे आकडे आज फार जुने झाले आहेत. तेव्हा जेथे शेत होते तेथे आता वसाहत उभी आहे. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, नकाशा आकाशातून काढावा, पण तो पायी फिरून तपासावा. घरातील तापमान घरात जाऊनच मोजले पाहिजे, आणि तेथे राहणाऱ्यास विचारले पाहिजे की बाबा रे, रात्री किती वाजता झोप लागते.

नकाशा किती बारीक असावा, हाही प्रश्न आहे. 2017 साली काही अभ्यासकांनी भारतातील 640 जिल्ह्यांची अशी पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यांपैकी 10 जिल्हे अत्यंत अधिक, तर 97 अधिक धोक्याचे ठरविले. देशाच्या सरकारला हे चित्र उपयोगी आहे. पण नगराच्या अभियंत्याला जिल्हा घेऊन काय करावयाचे? त्याला गल्ली हवी. किंबहुना कधी कधी गल्लीही पुरत नाही, इमारतीचा मजला लागतो. अहमदाबादच्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. 2010 च्या उन्हाळ्यात नवजात अर्भके उष्णतेने आजारी पडू लागली. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलविताच अशा आजारांचे प्रमाण पुष्कळ उतरले. त्यासाठी यंत्र लागले नाही, मोठा खर्च लागला नाही. धोका नेमका कोठे आहे, हे ज्याला दिसले त्याने खाटा खाली आणल्या, एवढेच.

अहमदाबादने 2010 च्या अनुभवातून धडा घेतला, ही गोष्ट आम्ही गौरवाने नमूद करतो. तेथील महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतरांच्या साहाय्याने 2013 साली उष्णतेस तोंड देण्याचा आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो अशा प्रकारचा पहिला समजला जातो. तापमान 41 अंशांच्या वर जाणार असे दिसताच पिवळा, 43 च्या वर नारिंगी आणि 45 ला तांबडा इशारा, दवाखान्यांना आधी सूचना, पाण्याची सोय, अशी व्यवस्था तीत होती. 2017 मध्ये गरीब वस्त्यांतील सुमारे 3,000 छपरांना पांढरा चुना देण्यात आला. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते आणि खालची खोली दोनचार अंशांनी निवते. या आराखड्याने 2014 व 2015 या दोन वर्षांत मिळून सुमारे 2,380 मृत्यू टळले असावेत, असा अंदाज 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. अंदाज हा अंदाजच असतो. पण त्याचा निम्मा भाग जरी खरा धरला तरी एवढ्या थोड्या खर्चात एवढे जीव वाचविणारी कामे नगराच्या हिशेबवहीत फारशी सापडणार नाहीत.

त्यानंतर अनेक राज्यांनी व शहरांनी असे आराखडे केले. परंतु 2023 साली दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेतील अभ्यासकांनी देशातील 37 आराखडे वाचून पाहिले, तेव्हा कोण व कोठे अधिक धोक्यात आहे याची स्पष्ट पाहणी त्यांपैकी केवळ दोनच आराखड्यांत आढळली. बाकीच्यांत वृद्ध, बालके, मजूर अशी यादी आहे. पण ते राहतात कोठे, हे नाही. पत्ता न लिहिलेले पाकीट टपालपेटीत टाकावे, तशी ही गोष्ट झाली. आत मजकूर कितीही कळवळ्याचा असो, ते पोहोचणार कोणाला?

आता या विचारावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप असा की, नगरपित्यांनी सर्व प्रभागांना सारखे वागवावे. अमुक भागाला आधी आणि तमुक भागाला मागून, हा भेदभाव होय. हा आक्षेप ऐकण्यास न्यायाचा वाटतो. परंतु वर्गात ज्या मुलाची दृष्टी अधू आहे त्याला गुरुजी पुढच्या बाकावर बसवितात, तेव्हा इतर मुलांवर अन्याय होतो असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक प्रभागाला शंभर रोपे वाटली तर ती जेथे आधीच झाडी आहे, कुंपण आहे, माळी आहे, तेथे जगतात. आणि जेथे पाणी नाही, माती नाही, तेथे महिनाभरात वाळतात. सारख्या वाटणीतून सारखी सावली निर्माण होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, काळ बदलला आहे. हळूहळू घरोघर वातानुकूलनाची यंत्रे येतील आणि प्रश्न आपोआप सुटेल. यंत्राने रोग्याला व वृद्धाला आराम मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, ती खोलीतून काढून गल्लीत टाकते. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याची खोली निवते, आणि ज्याच्याकडे नाही त्याची गल्ली तापते. शिवाय सर्वांनी ती एकाच दुपारी चालविली की विजेवर ताण येतो; आणि वीज गेली तर पहिला घाव कोणावर पडतो, हे सांगावयास नको.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो खुद्द त्या वस्तीतील लोकांकडून येतो. ते म्हणतात, आमची वस्ती नकाशात तांबड्या रंगाने रंगविली की उद्या ती राहण्यास अयोग्य म्हणून उठविली जाईल. आम्हांला सावली मिळणार नाहीच, उलट आहे ते छप्परही जाईल. ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. शहरे सुंदर करण्याच्या नावाखाली गरिबांची घरे हलविल्याचे प्रसंग अनेक झाले आहेत. आणि रोजगारापासून दूर, उघड्या माळावर नेऊन टाकलेल्या कुटुंबाचे ऊन कमी होत नाही, वाढतेच. म्हणून नकाशा काढतानाच काही बंधने घालून घेतली पाहिजेत. नकाशा सर्वांना पाहण्यास खुला असावा. तो करताना वस्तीतील माणसे, विशेषतः बायका, बरोबर असाव्यात. एकटे राहणाऱ्या वृद्धांची नावे व घरक्रमांक छापू नयेत, गल्लीनुसार संख्या तेवढी द्यावी. आणि या पाहणीचा उपयोग कोणाचेही घर उठविण्यासाठी केला जाणार नाही, असा ठराव नगरपालिकेच्या सभेने आधी करावा. हा नकाशा म्हणजे रोग्याची नाडी आहे, आरोपीचा पंचनामा नव्हे. हा भेद जर राखला नाही, तर पुढच्या वेळी कोणीही पाहणी करणाऱ्यास दारात उभे करणार नाही.

आधी पाहणी आणि मग आराखडा, हा विचार आपल्या प्रांती परका नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस हे नगररचनाशास्त्रातील थोर पुरुष. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, 1916 साली, बडोदे शहराच्या वाढीसंबंधी त्यांचा अहवाल झाला. 1918 साली होळकरांच्या इंदूरचा त्यांचा मोठा अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला. आणि पुढे 1919 पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे अध्यापन करीत होते. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे नगररचनाकाराने गल्ल्या पायी तुडविल्यावाचून कागदावर रेघ ओढू नये, ही त्यांची शिकवण. सरळ रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती सरसकट पाडण्यास आणि तळी बुजविण्यास त्यांचा विरोध असे. इंदुरास प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढली, आणि जाहीर केले की, ज्या रस्त्यांवरील घरे लोकांनी अधिक स्वच्छ व दुरुस्त केली असतील त्याच रस्त्यांनी ती जाईल. लोकांनी झाडलोट केली, घरे रंगविली. नगरसुधारणेचे काम लोकांच्या हातून व्हावे, ते त्यांच्यावर लादू नये, हे त्यांनी उपदेशाने नव्हे तर अशा युक्तीने पटविले. शंभर वर्षांपूर्वी जी दृष्टी प्लेगासाठी वापरली गेली, ती आज उन्हासाठी वापरण्यास अडचण कोणती?

नकाशा हाती आला म्हणजे पुढे काय करावे, याचाही क्रम ठरलेला असावा. झाड मोठे होण्यास वर्षे लागतात. तोवर थांबता येत नाही. म्हणून सर्वांत गडद भागांत याच उन्हाळ्यापूर्वी छपरांना चुना, कोपऱ्यावर पाणपोई, बसथांब्यावर छत, आणि बांधकामावर दुपारी विश्रांतीची वेळ एवढे तरी व्हावे. शाळा, देवळे, सभागृहे यांच्या पडव्या दुपारी उघड्या ठेवता येतील. पुढील पावसाळ्यात त्याच भागांत कडुनिंब, करंज, पिंपळ यांची लागवड व्हावी, आणि रोपाला तीन वर्षे पाणी कोण घालणार हे लावतानाच ठरावे. नव्या वसाहतीला परवानगी देताना वाऱ्याची वाट, झाडांची जागा आणि जुने तळे यांचा विचार नियमातच असावा. ज्या नगराचे वटपद्र हे प्राचीन नाव वडाच्या झाडावरून पडले, त्याने सावलीला शोभेची वस्तू न मानता पाण्याच्या नळासारखी नगराची गरज मानावी, यात अवाजवी असे काय आहे?

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल की हे सारे मोठ्यांचे काम, आम्ही यात काय करणार? परंतु भूगोलाच्या तासाला नकाशा काढावयास तुम्ही शिकला आहात. त्याचा उपयोग करण्याची ही संधी आहे. आपल्या शाळेभोवतालच्या चारपाच गल्ल्या घ्या. भर दुपारी हिंडू नका. सकाळी सात ते नऊ या वेळात, वडील माणसांस बरोबर घेऊन जा. कोणत्या घराचे छप्पर पत्र्याचे, कोणते गच्चीचे, याची खूण करा. मोठी झाडे मोजा. सार्वजनिक नळ, पाणपोई, दवाखाना कोठे आहे ते दाखवा. रस्त्यावर बसून विकणाऱ्या भाजीवाल्या मावशींना विचारा की दुपारी त्या सावलीसाठी कोठे जातात. घरात साधा तापमापक असेल तर रात्री नऊ वाजता खोलीतील तापमान आठवडाभर लिहून ठेवा आणि वर्गात सर्वांनी ते ताडून पाहा. एकाच वर्गातील मुलांच्या घरांत केवढा फरक असतो, हे पाहून तुम्हांस नवल वाटेल; आणि त्या नवलातूनच हा लेख जे सांगू पाहतो ते अधिक चांगले कळेल. असा नकाशा पूर्ण झाला म्हणजे तो शाळेच्या भिंतीवर लावा आणि त्याची एक प्रत आपल्या नगरसेवकांना नेऊन द्या. पालकांनीही त्या वेळी सोबत जावे. मुलांनी काढलेला नकाशा म्हणून तो बाजूला ठेवणे कोणासही सोपे जाणार नाही.

ऊन थांबविणे कोणाच्या हाती नाही, आणि येती वर्षे अधिक तापत जाणार अशीच चिन्हे आहेत. 2016 च्या मे महिन्यात राजस्थानातील फलोदीने 51 अंशांचा आणि अहमदाबादने 48 अंशांचा उच्चांक गाठला होता. हे आकडे आपण पाठ करू आणि विसरूही. आमची नगरपित्यांना व नागरिकांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या उन्हाळ्यात शहराचे तापमान किती, एवढेच विचारू नये. ते कोणाच्या छपराखाली किती, हेही विचारावे. आणि त्याचे उत्तर कागदावर, गल्लीगणिक, सर्वांना दिसेल असे मांडून, मगच नगराच्या आराखड्यावर सही करावी.